कूलंट बदलायचा आहे, पण तो कमी का होतो आहे?

नाशिकच्या एका वाचक भगिनींच्या पत्राचा सारांश असा : वडिलांची नऊ वर्षे जुनी पेट्रोल हॅचबॅक गेल्या वर्षापासून त्या स्वतः चालवतात. वडील एसटीतून चालक म्हणून निवृत्त झाले आहेत. कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीतली पातळी खाली गेली की ते बोअरचे पाणी घालत आले आहेत आणि अलीकडे हे दर पंधरवड्याला करावे लागते. मागच्या सर्व्हिसिंगच्या वेळी गॅरेजवाल्याने टाकीतला तपकिरी, गढूळ द्रव दाखवून ‘कूलंट फ्लश करावा लागेल’, म्हणजे जुना काढून, आतून धुऊन नवा भरावा लागेल, असे सांगितले आणि साडेतीन हजार रुपयांचा आकडा काढला. व्हिडिओ पाहून हे काम अवघड वाटत नसल्यामुळे एखाद्या रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये ते आपणच करावे, असे त्यांच्या मनात आहे. मात्र वडिलांच्या मते कूलंट म्हणजे कंपन्यांनी पैसे काढण्याची युक्ती आहे, आणि शेजारच्या गृहस्थांनी ‘जुना रेडिएटर धुतला की गळायला लागतो’ असा इशारा दिला आहे. त्या विचारतात : हे मी घरी करू शकते का, करावे का, आणि वडिलांचे मन न दुखवता ते कसे करावे?

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर लगेच देतो. होय, हे काम तुम्ही घरी करू शकता. त्याला लागणारी हत्यारे थोडी आहेत, ताकद फारशी लागत नाही, आणि ज्या व्यक्तीला एक पूर्ण दिवस घाई न करता देता येतो तिला ते जमते. पण येत्या रविवारी ते करू नका. तुमच्या पत्रात खर्चाबद्दल दोन परिच्छेद आहेत, शेजाऱ्यांच्या मताबद्दल एक आहे, आणि ज्या गोष्टीने माझे लक्ष सर्वांत जास्त वेधले ती तुम्ही अर्ध्या वाक्यात उरकली आहे : पाणी दर पंधरवड्याला घालावे लागते. तुम्ही, तुमचे वडील आणि गॅरेजवाला हे तिघेही आत काय भरायचे यावर बोलत आहात. आतले कुठे जाते हे कोणीच विचारलेले दिसत नाही.

गाडीची शीतकरण व्यवस्था बंद असते. इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेपैकी साधारण एक तृतीयांश उष्णतेच्या रूपात कूलंटमध्ये उतरते, पंप तो गरम द्रव रेडिएटरकडे पाठवतो, तिथे तो निवतो आणि पुन्हा इंजिनात येतो. या फेऱ्यात द्रव खर्च होण्याचे काहीच कारण नसते. वर्षभरात टाकीची पातळी बोटभर खाली गेली तर ते क्षम्य मानता येईल, पण पंधरवड्याला अर्धा लिटर जात असेल तर गाडी कुठे तरी गळते आहे. ही गळती तशीच ठेवून तुम्ही नवा, महागाचा कूलंट भरलात, तर महिन्याभरात त्यात पुन्हा बोअरचे पाणी पडू लागेल आणि सगळी मेहनत वाया जाईल.

म्हणून आधी दोन आठवडे केवळ निरीक्षण करा. सकाळी, इंजिन रात्रभर थंड झालेले असताना, गाडी सपाट जागी असताना टाकीवरच्या ‘मिन’ आणि ‘मॅक्स’ या खुणांच्या दरम्यान पातळी कुठे आहे ते पाहा आणि तिथे चिकटपट्टी लावा. गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवा. थेंब पडले तर ते कुठल्या बाजूला पडतात यावरून पुष्कळ कळते. रबरी होजची टोके आणि तिथल्या क्लिपा पाहा. गळून सुकलेल्या कूलंटचा पांढरट, हिरवट किंवा गुलाबीसर थर तिथे जमतो. रेडिएटरची वरची-खालची किंवा बाजूची टाकी हल्ली प्लास्टिकची असते आणि ती ॲल्युमिनियमच्या जाळीला दाबून बसवलेली असते. तो जोड नऊ वर्षांत हमखास थकतो. पाण्याच्या पंपाच्या अंगाला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेले असते, त्यातून ओघळ आलेला दिसला तर पंपाचे सील गेले असे समजावे. शेजारच्या सीटच्या पायाशी गालिचा दमट लागणे, काचेवर चिकट धुके येणे आणि गाडीत गोडसर वास येणे ही हीटरच्या छोट्या रेडिएटरची लक्षणे आहेत.

बाहेर काहीच सापडले नाही, तर द्रव इंजिनाच्या आत जात असण्याची शक्यता उरते आणि ती गंभीर आहे. सकाळी गाडी सुरू केल्यावर पांढरा धूर क्षणभर दिसणे थंडीच्या दिवसांत स्वाभाविक असते, पण इंजिन चांगले गरम झाल्यावरही तो येत राहणे, टाकीत सतत बुडबुडे उठणे, थंड इंजिन सुरू करताच मिनिट-दोन मिनिटांत वरचा होज दगडासारखा टणक होणे, किंवा डिपस्टिकवरचे तेल दुधाळ दिसणे या खुणा हेड गॅस्केटकडे, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि सिलिंडर हेड यांच्यातल्या सीलकडे, बोट दाखवतात. (तेल भरायच्या झाकणाच्या आत थोडा पिवळसर फेस मात्र केवळ छोट्या-छोट्या फेऱ्यांमुळेही जमतो, त्यावरून घाबरू नका.) अशी शंका आली तर फ्लशचा विचार बाजूला ठेवून गॅरेजमध्ये दोन तपासण्या करून घ्या : थंड इंजिनावर हातपंपाने दाब देऊन तो टिकतो का पाहणारी प्रेशर टेस्ट, आणि टाकीतल्या वाफेत एक्झॉस्टचे वायू आहेत का हे निळा द्रव पिवळा होण्यावरून सांगणारी रासायनिक चाचणी. दोन्ही अल्प खर्चाच्या आहेत, आणि त्या फ्लशच्या आधी व्हायला हव्यात.

या शोधात सर्वांत स्वस्त संशयिताकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते : ते म्हणजे रेडिएटरचे किंवा टाकीचे झाकण. ते केवळ झाकण नसते. त्यात स्प्रिंगची झडप असते आणि ती व्यवस्थेत सुमारे एक बार इतका जादा दाब धरून ठेवते. समुद्रसपाटीला १०० अंश सेल्सियसला उकळणारे साधे पाणी या दाबाखाली सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचे रबर कडक झाले किंवा स्प्रिंग मवाळ झाली की दाब टिकत नाही, घाट चढताना द्रव उकळून बाहेर पडतो आणि खाली एक थेंबही न दिसता पातळी उतरत राहते. गाडी नऊ वर्षांची असेल आणि झाकण मूळचेच असेल, तर शोध संपण्याची वाट न पाहता त्याच दाबाचे नवे झाकण आणून टाका.

आता तुमच्या वडिलांच्या मताकडे येतो, आणि इथे तुम्हाला थोडे वेगळे सुचवतो. ‘बाबांना आधुनिक गोष्टी पटत नाहीत’ असे तुम्ही लिहिले आहे. मला त्यांचे म्हणणे अडाणीपणाचे वाटत नाही. ज्या बसगाड्या त्यांनी कसारा घाटात चढवल्या, त्यांची इंजिने बीडाची आणि रेडिएटर तांब्या-पितळेचे असत; पाण्याचा कॅन जवळ ठेवून वाटेत पाणी घालणे हा त्या काळच्या चालकाच्या शहाणपणाचा भाग होता. शिवाय शुद्ध उष्णतावहनाच्या दृष्टीने पाहिले तर ते बरोबरच आहेत : साधे पाणी ग्लायकॉल (कूलंटमधला मुख्य द्रव) मिसळलेल्या पाण्यापेक्षा अधिक उष्णता वाहून नेते. कूलंट गोठू नये म्हणून असतो, हे कारण नाशिकला लागू होत नाही. तो उकळू नये म्हणून असतो, हेही अर्धेच कारण आहे, कारण पाणी आणि ग्लायकॉल यांचे निम्मे-निम्मे मिश्रण उघड्यावर १०७ ते १०८ अंशांना उकळते, म्हणजे ग्लायकॉलने सात-आठ अंशच मिळवून दिले. झाकणाने वीस दिले होते. महाबळेश्वरच्या उंचीवर पाणी ९५-९६ अंशांनाच उकळू लागते, तिथे हे सात-आठ अंशही मोलाचे ठरतात, हे खरे. पण तेवढ्यासाठी मी तुमच्या वडिलांशी वाद घातला नसता.

वाद घालण्याजोगे कारण गंजाचे आहे. तुमच्या गाडीचा रेडिएटर, सिलिंडर हेड आणि बहुधा आणखीही भाग ॲल्युमिनियमचे आहेत, त्यांच्या शेजारी लोखंड आहे, रबर आहे, पंपाचे सील आहे आणि या सगळ्यांमधून एकच द्रव फिरतो. डब्यातल्या ग्लायकॉलपेक्षा त्यात मिसळलेली गंजरोधक द्रव्ये अधिक महत्त्वाची असतात, आणि ती साध्या पाण्यात नसतात. त्यात बोअरचे पाणी म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार. दख्खनच्या काळ्या खडकातून येणारे हे पाणी अनेक ठिकाणी किती जड असते ते घरच्या गिझरच्या कॉइलवर तुम्ही पाहिलेच असेल. तसाच थर इंजिनातल्या सर्वांत तापणाऱ्या भागांवर बसतो आणि उष्णता बाहेर पडू देत नाही. दर पंधरवड्याला नवे पाणी पडते आहे, म्हणजे दर पंधरवड्याला नवे क्षार आणि नवा प्राणवायूही आत जातो आहे. टाकीतला तपकिरी रंग बहुधा याचाच आहे.

एक गोष्ट मात्र वडिलांना स्पष्ट सांगा आणि तिथे मनाची भीड ठेवू नका. गरम गाडीचे झाकण फडके धरून उघडण्याची जुनी सवय त्यांना असेल तर ती बंद झाली पाहिजे. दाबाखालचे ११० अंशांचे पाणी झाकण फिरताच वाफ होऊन चेहऱ्यावर आणि हातांवर येते, आणि त्याने होणारे भाजणे भयंकर असते. वरचा होज हाताला थंड लागेपर्यंत आणि दाबल्यावर मऊ लागेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही, हा नियम घरातल्या प्रत्येकासाठी ठेवा.

शेजाऱ्यांचे म्हणणेही निखालस खोटे नाही. जुन्या, गाळ साचलेल्या रेडिएटरमध्ये बारीक भोके गाळानेच बुजलेली असतात आणि गाळ सुटला की ती उघडी पडतात. पण याचा अर्थ धुण्याने भोक पडले असा होत नाही. ते आधीच होते, आणि ते घाटात, रात्री उघडे पडण्याऐवजी पार्किंगमध्ये उघडे पडले. आपल्याकडे गळक्या रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा जुना उपाय आहे. ती फुगून भोकात बसते आणि गाडी गावापर्यंत पोहोचते, हे मान्य; मात्र तीच हळद नंतर हीटरच्या बारीक नळ्यांत आणि रेडिएटरच्या जाळीतही बसते. वडिलांनी कधी ती टाकली आहे का, हे सहज विचारून ठेवा. तसे असेल तर घरगुती धुण्याने काम भागणार नाही आणि रेडिएटर काढून साफ करणाऱ्याकडे न्यावा लागेल. गाळ काढण्यासाठी व्हिनेगर, धुण्याचा सोडा किंवा कपड्यांची पावडर घालण्याचे सल्ले तुम्हाला व्हिडिओंत मिळतील. ते पाळू नका, कारण आम्ल आणि अल्कली दोन्ही ॲल्युमिनियम खातात. बागेच्या नळीचा जोरदार झोत सोडणेही नको.

गळती सापडली, दुरुस्त झाली, असे धरून पुढे जाऊ. खरे तर होज, पंप किंवा रेडिएटर बदलायचा असेल तर त्या कामात कूलंट काढावाच लागतो, तेव्हा दोन्ही कामे गॅरेजमध्ये एकत्र करून घेणेच शहाणपणाचे ठरेल आणि घरी करण्याचा प्रश्नच उरणार नाही. केवळ झाकण किंवा एखादी क्लिप बदलून भागले, तर मात्र घरच्या बेताला माझी संमती आहे.

खरेदी करताना रंगावर जाऊ नका. हिरवा जुना आणि गुलाबी चांगला, अशी समजूत सर्वत्र आहे, पण रंग हा निव्वळ रंग असतो आणि तो कोणत्याही मानकाने ठरवून दिलेला नाही. होंडाचा कूलंट निळा असतो, टोयोटाचा गुलाबी, फोक्सवॅगनचा जांभळट. आणि बाजारातल्या दोन हिरव्या डब्यांतली रसायने परस्परांशी न पटणारी असू शकतात. जुन्या पद्धतीच्या, सिलिकेट-फॉस्फेटच्या कूलंटचे आयुष्य साधारण दोन वर्षे, तर सेंद्रिय आम्लांवर आधारलेल्याचे पाच वर्षांच्या आसपास असते. दोन्ही मिसळले तर गंजरोधके लवकर संपतात, कधी गोळे होतात. गाडीच्या पुस्तिकेत जो प्रकार सांगितला आहे तोच घ्या, आणि डब्यावर आयएस ५७५९, जेआयएस के २२३४ किंवा एएसटीएम डी ३३०६ यांपैकी मानकाचा उल्लेख आहे का पाहा. ‘रेडी टू यूज’ म्हणजे पाणी मिसळलेला आणि ‘कॉन्सन्ट्रेट’ म्हणजे न मिसळलेला, हा फरक दुकानातच तपासा. तो पुढच्या हिशेबात फार महत्त्वाचा आहे. पाणी म्हणून बॅटरीचे डिस्टिल्ड किंवा डीएम (क्षार काढलेले) पाणी घ्या, तेही सढळ हाताने, वीस लिटर तरी. घरच्या आरओचे पाणी त्याला पर्याय नाही, कारण त्यात क्षार शिल्लक असतात आणि कित्येक यंत्रांत चवीसाठी मुद्दाम ठेवलेले असतात.

जागा उघडी हवी. तळघरातल्या बंद पार्किंगमध्ये गाडी वीस-वीस मिनिटे चालू ठेवायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गाडी सपाट जमिनीवर, हँडब्रेक ओढून, इंजिन रात्रभर थंड झालेले. गाडी उचलावी लागली तर स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर अंग गाडीखाली घालू नका. रेडिएटरच्या तळाशी प्लास्टिकची तोटी असते, ती हातानेच सैल करायची असते. ती फिरत नसेल तर पक्कड लावून पिळू नका, तुटते. त्याऐवजी खालच्या होजची क्लिप सरकवून होज हलके पिळत सोडवा, पण होज जिथे बसतो ते प्लास्टिकचे तोंडही तितकेच नाजूक असते हे ध्यानात ठेवा. काही गाड्यांना तोटीच नसते, तिथे होज हाच मार्ग. तोटी उघडल्यावर वरचे झाकण काढले की धार मोठी होते, म्हणून पसरट घमेले आधीच खाली सरकवलेले असावे.

आणि आता तो भाग, जो व्हिडिओंत बहुधा गाळलेला असतो. समजा, तुमच्या गाडीत एकूण पाच लिटर द्रव मावतो. नेमका आकडा पुस्तिकेत मिळेल. तोटीतून त्यातला तीन लिटरच बाहेर येतो, आणि दोन लिटर इंजिनाच्या ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये अडकून राहतो. म्हणजे पहिल्या फेरीनंतरही ४० टक्के घाण आत आहे. डीएम पाणी भरून, हीटरची मूठ पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालवले, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडची वाट मोकळी करणारी झडप) उघडून पाणी सगळीकडे फिरले, मग ते थंड करून पुन्हा काढले, की १६ टक्के उरते. तेच पुन्हा केले की सुमारे ६ टक्के, आणि तिसऱ्यांदा केले की अडीच टक्के. बोअरच्या पाण्याने भरलेल्या गाडीला दोन फेऱ्या किमान आणि तीन उत्तम, बाहेर येणारे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. थर्मोस्टॅट बहुतेक गाड्यांत ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो. खालचा होज एकाएकी गरम लागू लागला की तो उघडला असे समजा. प्रत्येक फेरीनंतर इंजिन निवायला दीड-दोन तास द्यावे लागतात. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतल्याने हेडला तडा जाऊ शकतो, त्यामुळे ही वाट पाहणे टाळता येत नाही. तुमचा रविवार याच वाट पाहण्यात जाणार आहे.

शेवटच्या फेरीनंतर आत दोन लिटर साधे पाणी उरलेले असते, आणि इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. तुम्ही वरून तीन लिटर ‘रेडी टू यूज’ कूलंट ओतलात, तर त्यात दीड लिटर ग्लायकॉल आहे, म्हणजे पाच लिटरमध्ये प्रमाण ३० टक्क्यांवर आले, आणि गंजरोधकेही त्याच मानाने पातळ झाली. म्हणून धुऊन भरायचे असेल तेव्हा कॉन्सन्ट्रेट घ्यावा : निम्मे प्रमाण हवे असेल तर आधी अडीच लिटर कॉन्सन्ट्रेट ओता आणि उरलेली अर्धा लिटर जागा डीएम पाण्याने भरा, आतले दोन लिटर पाणी त्यात मिसळून हिशेब पुरा होतो. पुस्तिकेत वेगळे प्रमाण दिले असेल तर ते धरा. जास्त ग्लायकॉल म्हणजे जास्त चांगले, असे मात्र नाही. प्रमाण वाढत जाते तशी उष्णता वाहून नेण्याची क्षमता घटते.

भरताना सावकाश ओता, कारण आत अडकलेली हवा ही घरी केलेल्या कामातली सर्वांत सामान्य गफलत आहे. काही इंजिनांवर हवा काढण्यासाठी छोटा स्क्रू असतो. नसेल तर झाकण उघडे ठेवून, एसी बंद करून, हीटर गरमवर ठेवून इंजिन संथ चालू द्या. बुडबुडे येत राहतील, पातळी खाली जाईल तसे भरत राहा, अधूनमधून वरचा होज दाबा. एसी बंद ठेवण्याचे कारण असे, की एसी चालू असेल तर रेडिएटरचा पंखा त्यासाठीच फिरतो आणि इंजिन तापले म्हणून तो लागला की नाही हे तुम्हाला कळत नाही. पंखा आपणहून लागला, थांबला, पुन्हा लागला, आणि हीटरमधून एकसारखी गरम हवा आली, की हवा निघाली असे समजून झाकण लावा. तोवर बोटे, ओढणी, केस पंख्यापासून दूर ठेवा. काही गाड्यांत तो चावी काढल्यावरही सुरू होतो. पुष्कळ नव्या छोट्या गाड्यांत तापमानाची सुई नसते, फक्त निळा आणि लाल दिवा असतो. लाल दिवा लागला, किंवा हीटरची हवा एकदम थंड झाली, तर इंजिन तत्काळ बंद करा.

मी सर्वांत जास्त आग्रह धरतो तो काढलेल्या द्रवाबद्दल. तुमच्या पार्किंगमधल्या कुत्रीचा आणि तिच्या पिल्लांचा उल्लेख तुम्ही गमतीने केला आहे. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते आणि विषारी असते. मांजराच्या जिवाला चमचा-दोन चमचे पुरतात, कुत्र्याला त्याहून अधिक. आधी प्राणी दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो, मग बरा झाल्यासारखा वाटतो, आणि मग मूत्रपिंडे निकामी होतात. उपचार पहिल्या काही तासांतच व्हावे लागतात. लहान मुलांनाही हेच लागू आहे. कोणी प्यायल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता डबा बरोबर घेऊन दवाखान्यात जा. घमेले उघडे ठेवून चहाला वर जायचे नाही, सांडलेले लगेच फडक्याने टिपून घ्यायचे, आणि फडकीही पिशवीत बांधायची.

हा द्रव आणि त्यानंतरचे धुण्याचे पाणी मिळून दहा-पंधरा लिटर होतील. पहिल्या दोन फेऱ्यांच्या पाण्यातही ग्लायकॉल आणि धातूंचे अंश असतात, तेव्हा ते सोसायटीच्या पावसाळी गटारात किंवा झाडांना नको. ते गटार कुठल्या नाल्यातून कुठल्या नदीला मिळते हे नाशिककराला सांगायला नको. घट्ट झाकणाचे कॅन आधी आणून ठेवा, त्यांवर ‘विष, वापरलेला कूलंट’ असे ठळक लिहा, पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या यासाठी मुळीच वापरू नका. आणि काम सुरू करण्यापूर्वीच एखाद्या मोठ्या गॅरेजला किंवा सर्व्हिस सेंटरला विचारा, की वापरलेले तेल ते ज्या अधिकृत वाहतूकदाराला देतात त्याच्याबरोबर हा द्रव घेतील का. तसे कोणी घेत नसेल, तर घरी काम करण्याच्या बेताला माझा विरोध आहे.

ज्यांना हे सगळे वाचून धास्ती वाटली असेल, त्यांच्यासाठी मधला मार्ग आहे. ज्यांच्या गाडीत आजवर योग्य कूलंटच घातला गेला आहे, द्रव स्वच्छ आहे आणि केवळ मुदत भरली आहे, त्यांना धुण्याची गरजच नाही. तोटीतून निघेल तेवढे काढून त्याच प्रकारचा ‘रेडी टू यूज’ कूलंट भरला, की निम्म्याहून अधिक द्रव नवा होतो. तेच काही आठवड्यांनी पुन्हा केले तर जुने साधारण सहाव्या हिश्शाइतकेच उरते. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांना मात्र घरी हात लावू नये. त्यांत इन्व्हर्टरसाठी किंवा बॅटरीसाठी वेगळे परिपथ असतात, कूलंटही वेगळा असू शकतो.

तुमच्या गॅरेजवाल्यालाही एक संधी द्यावी असे मला वाटते. साडेतीन हजार हा आकडा लुटीचा आहे की रास्त, हे त्या पैशांत काय येते यावर ठरेल. त्याला चार प्रश्न विचारा : प्रेशर टेस्ट करणार का, पाणी कोणते वापरणार, कूलंट कोणत्या मानकाचा, आणि शेवटी मिश्रणाचे प्रमाण रिफ्रॅक्टोमीटरने मोजून दाखवणार का. उत्तरे नीट मिळाली, तर रविवार मोकळा ठेवणेही वाईट नाही. तुम्ही पत्रात दोनदा ‘मला जमायला हवे’ असे लिहिले आहे. जमेलच, पण नऊ वर्षांच्या गळक्या गाडीवर पहिला प्रयोग करण्याची सक्ती तुमच्यावर कोणी केलेली नाही.

वडिलांबद्दल शेवटचे. त्यांना कूलंट पटवून देण्यापासून सुरुवात करू नका. ‘बाबा, पाणी जाते कुठे, ते तुम्ही शोधून द्या’ असे म्हणा. बाहेरून ओल शोधणे, वास ओळखणे, होजचा कडकपणा हाताने जोखणे हे त्यांनी आयुष्यभर केले आहे आणि तिथे ते तुमच्या-माझ्यापेक्षा सरस असणार. गळती त्यांच्या हातून सापडली, की ती पुन्हा का होऊ नये याची चर्चा गंजाकडे आपोआप वळेल. टाकीतून काढलेला तपकिरी द्रव काचेच्या जुन्या बरणीत भरून त्यांना दाखवा (आणि मग ती बरणी फेकून द्या). काम झाल्यानंतर पहिला आठवडाभर रोज सकाळी पातळी पाहण्याचे काम त्यांच्याकडेच सोपवा. पहिल्या दोन-तीन दिवसांत राहिलेली हवा निघून ती थोडी उतरेल, तेव्हा त्यांच्या हाताशी बोअरच्या पाण्याऐवजी मिसळून ठेवलेला कूलंट आणि डीएम पाणी यांचा डबा असावा. त्या डब्यावर प्रकार, प्रमाण, तारीख आणि किलोमीटर मार्करने लिहा, आणि तो उंचावरच्या, कुलपाच्या कपाटात ठेवा.